पनीर विभागातील लिस्टेरिया नियंत्रण : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२४

६ जून २०२४

पनीर विभागातील पृष्ठभागांवरच्या जिवाणूंचे नियंत्रण हे काम आजपासून स्वतंत्र प्रकल्प म्हणून हाती घेतले आहे. आजवर ते रोजच्या सफाईच्या तक्त्यातील एक रकाना होते, आणि रकाना भरला की काम झाले असे सगळेच धरून चालत होतो.

पनीरसाठीचे दूध आम्ही ९० अंश सेल्सियसपर्यंत तापवतो. ७२ अंशांवर १५ सेकंदांत मरणारा लिस्टेरिया हा जिवाणू या तापमानात टिकण्याचा प्रश्नच नाही. पुढे सायट्रिक आम्लाने दूध फाडले, गोळा कापडात बांधून साच्यात दाबला, लाद्या थंड पाण्याच्या टाकीत सोडल्या, कापल्या आणि निर्वात पिशवीत भरल्या, या साऱ्या प्रवासात पनीर पुन्हा एकदाही तापत नाही. म्हणजे साच्यापासून पिशवीपर्यंत ज्या ज्या वस्तूला पनीर लागते, किंवा ज्या वस्तूवरचे पाणी पनीरवर उडू शकते, तिच्या स्वच्छतेवरच सारी भिस्त आहे. शीतगृहात ४ अंशांवर बहुतेक जिवाणूंची वाढ जवळजवळ थांबते, पण लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस, म्हणजे माणसाला आजारी पाडणारी लिस्टेरियाची प्रजाती, तिथेही सावकाश वाढत राहते. त्यामुळे पिशवीत गेलेले मोजके जिवाणू मुदत संपेपर्यंत मोजकेच राहतील असे मानता येत नाही.

या जिवाणूमुळे गर्भवती स्त्रीला नुसता अंगावर काढण्याइतका ताप येतो आणि गर्भ मात्र दगावू शकतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, मऊ चीजमधून झालेल्या लागणीत लॉस एंजेलिस परिसरात १४२ रुग्ण नोंदले गेले आणि गर्भ व नवजात बालके धरून ४८ मृत्यू झाले. त्या चीजमध्ये कच्चे दूध मिसळले गेले असावे, असे तपासात दिसले होते. आमच्याकडे ती वाट बंद आहे. प्रकल्पाचे लक्ष उरलेल्या वाटेवर, म्हणजे पृष्ठभागांवर राहील.

११ जून २०२४

विभागाचा नकाशा काढून त्यावर परीघ आखले. कापणीचे पाते, टेबल, साचे, कन्व्हेयरचा पट्टा अशा पनीरला थेट लागणाऱ्या जागा पहिल्या परिघात घेतल्या. त्यांना खेटून असलेले यंत्रांचे सांगाडे, बटणे, पट्ट्याखालचे रूळ दुसऱ्यात. फरशी, ड्रेन, ट्रॉल्यांची चाके, वायपर तिसऱ्यात. आणि दाराबाहेरची मार्गिका चौथ्यात. पहिल्या परिघात जिवाणू सापडला तर माल अडकतो आणि तोवर उशीरही झालेला असतो, म्हणून शोध दुसऱ्या आणि तिसऱ्या परिघात अधिक घ्यायचा.

पाणी कुठे साचते हे पाहण्यासाठी काम थांबल्यावर एक तास विभागात फिरले. फरशीचा उतार ड्रेनकडे असायला हवा, पण कापणी टेबलाच्या पूर्वेला एक फरशी खचली आहे आणि तिथे तळहाताएवढे डबके कायम असते. खडूने त्याभोवती रेघ मारली. दोन तासांनी पाहिले तेव्हाही पाणी त्या रेघेपर्यंतच होते.

१९ जून २०२४

पहिली फेरी पार पडली. ३० ठिकाणांवर स्पंजचे स्वॅब, म्हणजे नमुना पुसून घेण्याचे बोळे, फिरवले. नमुने धुलाई झाल्यावर लगेच न घेता उत्पादन सुरू होऊन चार तास झाल्यावर घेतले. ताज्या धुतलेल्या पृष्ठभागावर काहीच सापडत नाही. यंत्र चालू झाले, थरथरले, ओले झाले की फटीत दडलेले बाहेर येते. यावर विभागात मतभेद झाले. अहवाल स्वच्छ यावा म्हणून नमुने सकाळी काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावेत अशी सूचना आली. ती मी स्वीकारली नाही आणि त्याचे कारण इथे लिहून ठेवते. हा शोध जिवाणू सापडावा यासाठीच आहे. सापडेल अशा वेळी आणि सापडेल अशा जागी शोधले नाही, तर ‘आढळला नाही’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

स्पंज ज्या द्रवात भिजवलेला असतो त्यात जंतुनाशकाचा उरलेला अंश निष्प्रभ करणारी रसायने असतात. ती नसतील तर टेबलावरचे जंतुनाशक पिशवीतही काम करत राहते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत खरा नमुना खोटा होतो. मागील वर्षीचे नमुने साध्या सलाइनमध्ये गेले होते हे आज जुनी कागदपत्रे चाळताना लक्षात आले. त्या अहवालांवर यापुढे विसंबायचे नाही.

नमुने बर्फाच्या पिशव्यांसह पुण्यातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. लिस्टेरिया वाढवण्याचे काम कारखान्याच्या आवारात करायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळत आहोत; ज्याला बाहेर ठेवायचे त्यालाच घरात पोसणे योग्य नाही.

२६ जून २०२४

३० पैकी ५ ठिकाणी लिस्टेरिया वंशाचे जिवाणू आढळले : ड्रेन क्रमांक ३, ड्रेन क्रमांक ४, एका ट्रॉलीचे चाक, फरशीच्या वायपरचे रबर आणि कन्व्हेयरचा डाव्या बाजूचा मागचा पाय. पहिल्या परिघात एकही नाही.

प्रजाती पाहण्यासाठी स्वतः प्रयोगशाळेत जाऊन आले. फ्रेझर माध्यमाच्या, म्हणजे लिस्टेरिया वाढवण्याच्या द्रवाच्या, नळ्या एका रांगेत होत्या. बहुतेक पिवळसर आणि आमच्या पाच शाईसारख्या काळ्या. लिस्टेरिया या द्रवातील एस्क्युलिन या पदार्थाचे विघटन करतो आणि त्यातून हा काळा रंग येतो. ड्रेन ३ च्या पेट्री डिशमध्ये निळ्या-हिरव्या वसाहतींभोवती दुधट वलय स्पष्ट दिसत होते. वर्षानुवर्षे अहवालात वाचलेले नाव समोर उजेडात धरल्यावर मनावर वेगळाच भार येतो. ती डिश मोनोसायटोजेनिसची ठरली. उरलेल्या चार ठिकाणी इनोक्युआ ही लिस्टेरियाची दुसरी प्रजाती निघाली.

इनोक्युआ रोग करत नाही, म्हणून ती चार ठिकाणे सोडून देता येतील का, असे मला विचारण्यात आले. दोन्ही प्रजातींना थंड, ओली आणि अन्नाचा अंश असलेली जागाच मानवते. जिथे इनोक्युआचे बस्तान बसले आहे तिथे मोनोसायटोजेनिसलाही जागा तयार आहे, म्हणून पाचही ठिकाणांवर सारखीच कारवाई होईल.

ड्रेन ३ कापणी टेबलापासून जेमतेम सहा फुटांवर आहे. नमुने घेतले त्या दिवसाचा आणि त्यानंतरचा शीतगृहातील सगळा माल रोखून ठेवला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार पनीरच्या २५ ग्रॅम नमुन्यात मोनोसायटोजेनिस आढळता कामा नये. अहवाल येईपर्यंत एकही पेटी बाहेर जाणार नाही.

१ जुलै २०२४

मालाच्या तपासणीत कुठेही लिस्टेरिया आढळला नाही, माल मोकळा केला. आज मुक्काम रात्रपाळीच्या धुलाईवर होता.

रात्री साडेअकराला काम थांबले. सफाईचा लेखी क्रम बरोबर आहे : पनीरचा चुरा कोरडाच उचलायचा, कोमट पाण्याने धुवायचे, अल्कधर्मी फेस दहा ते पंधरा मिनिटे ठेवायचा, घासायचे, पुन्हा धुवायचे, डोळ्यांनी तपासायचे आणि मग जंतुनाशक मारायचे. प्रत्यक्षात चुरा पाइपच्या धारेने ड्रेनमध्ये लोटला जात होता, म्हणजे ड्रेनमधल्या जिवाणूंना रोजचे जेवण आम्हीच वाढत होतो. पाणी बॉयलरकडून येणारे, ७० अंशांच्या वर होते. इतक्या गरम पाण्याने दुधाची प्रथिने निघण्याऐवजी धातूवर घट्ट बसतात. ४५ ते ५० अंशांचे पाणी स्निग्धांश सोडवते आणि प्रथिने शिजवत नाही. मिश्रण झडपेची खूण रंगाने करून ठेवली.

पहाटे पावणेदोनला टेबलावर जंतुनाशक मारून झाले होते. त्यानंतर एका कामगाराने उच्च दाबाची धार ड्रेन ३ च्या जाळीवर धरली. मी दिवे मालवायला सांगितले आणि विजेरीचा झोत आडवा धरला. झोतात बारीक तुषार धुक्यासारखे तरंगत होते, वर चढत होते आणि नुकत्याच निर्जंतुक केलेल्या टेबलावर उतरत होते. कुणीच काही बोलले नाही. मुकादम काकांनी धारेचा पंप बंद केला आणि नोझल काढून माझ्या हातात दिले. तेवढ्या एका दृश्याने जे समजले ते मी गेली दोन वर्षे सूचनाफलकावर लिहून समजावू शकले नव्हते.

निर्णय : पनीर विभागात उच्च दाबाची धार बंद. ड्रेन सर्वांत आधी, टेबल धुण्यापूर्वी साफ होईल. त्यासाठी काळ्या दांड्याचा स्वतंत्र ब्रश, जो दुसऱ्या कशालाही लागणार नाही, आणि त्या माणसाचे हातमोजेही वेगळे.

९ जुलै २०२४

रसायनांचा आढावा घेतला. स्वच्छ करणे आणि निर्जंतुक करणे या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली झाल्याशिवाय दुसरी होत नाही. जिवाणू पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती शर्करा आणि प्रथिनांचा बुळबुळीत थर विणतात. या जैवपटलात जंतुनाशक वरच्यावर संपते, तळाचे जिवाणू जिवंत राहतात. थर आधी फेसाने सैल करून ब्रशने फोडावा लागतो. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेले चार घटक, म्हणजे रसायन, तापमान, वेळ आणि घर्षण, यांत एक कमी केला तर दुसरा वाढवावाच लागतो. आमच्याकडे घर्षण कमी पडत होते आणि त्याची भरपाई म्हणून रसायनाचे प्रमाण वाढवले जात होते, पण जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे रसायनही फारसे पोहोचत नाही.

दुसरी उणीव पाण्यात सापडली. बोअरवेलच्या कठीण पाण्यात चतुर्थक अमोनियम वर्गातील जंतुनाशकाचा प्रभाव घटतो, आणि आम्ही ते त्याच पाण्यात मिसळत होतो. शिवाय फेस नीट धुतला गेला नाही आणि तो ऋणभारी साबणाचा असेल, तर उरलेला साबण हे जंतुनाशक निकामी करतो. आता मिश्रण मृदू केलेल्या पाण्यात होते आणि प्रत्येक बादलीची पट्टीने तपासणी होते. पनीरला लागणाऱ्या पृष्ठभागांसाठी २०० पीपीएम (दशलक्ष भागांत २०० भाग) ठरवले आहे. आठवड्यातून दोन दिवस त्याऐवजी पेरॅसिटिक आम्ल हे वेगळ्या वर्गातील जंतुनाशक वापरायचे ठरले, कारण चतुर्थक अमोनियम संयुगे पेशीबाहेर फेकणारी जनुके असलेले लिस्टेरियाचे वाण जगभरातील अन्न कारखान्यांत आढळले आहेत. एकाच औषधावर वर्षभर विसंबणे म्हणजे अशाच वाणांना निवडून वाढवणे होय.

दारातील पाय बुडवण्याचे कुंड आज काढून टाकले. दुपारपर्यंत त्यातील पाणी गढूळ होते, आणि मग तेच कुंड प्रत्येकाच्या गमबुटाला एकमेकांची घाण लावते. त्याऐवजी दारात थोडा थोडा फेस पसरवायचा आणि आत फरशी कोरडी ठेवायची.

१८ जुलै २०२४

धुलाई पाळीतील सर्वांशी बैठक झाली. कालच्या आषाढी एकादशीमुळे काहीजण उपवासाचे आणि थकलेले होते, तरी अडीच तास सगळे थांबले. मी बोलण्यापेक्षा ऐकायचे ठरवले होते आणि त्याचा फायदा झाला. कन्व्हेयरकडे काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, धुणं झाल्यावर पंखे लावले की सगळं वाळतं. पण ह्या मागच्या पायाखाली सुट्टीच्या दिवशी पण ओल असते. मी पुसते आणि परत येते.”

हाच पाय २६ जूनच्या यादीत होता.

२५ जुलै २०२४

दुसऱ्या फेरीचा अहवाल आला. ट्रॉलीचे चाक आणि वायपर स्वच्छ. जुने स्पंजी रबराचे वायपर फेकून एकसंध रबराचे आणले, तेवढ्याने काम झाले. ड्रेन ४ स्वच्छ. ड्रेन ३ मध्ये या वेळी इनोक्युआ आढळला. कन्व्हेयरचा पाय पुन्हा सापडला.

त्याच पायाचे एटीपी (सजीव पेशींत असणारे एक रसायन) वाचन सलग चार दिवस उत्तम होते. एटीपी यंत्र काजव्यात असणाऱ्या ल्युसिफरेज या विकराच्या प्रकाशावर चालते आणि पृष्ठभागावर सेंद्रिय अंश किती उरला ते पंधरा-वीस सेकंदांत सांगते. धुलाई नीट झाली का हे पाहायला ते उत्तम आहे, पण कोणता जिवाणू आहे ते त्याला कळत नाही आणि पोकळीच्या आतले तर मुळीच दिसत नाही. बाहेरून पाय स्वच्छच आहे. म्हणून आत पाहावे लागेल.

३ ऑगस्ट २०२४

देखभाल विभागातील फिटर दादांनी कन्व्हेयर लाइनबाहेर काढला. सांगाडा चौकोनी पोकळ पाइपचा आहे आणि त्याची सगळी टोके झाकलेली दिसतात. मात्र सेन्सरची पट्टी बसवण्यासाठी पूर्वी कधीतरी वरच्या आडव्या पाइपला छिद्रे पाडून बोल्ट घातलेले आहेत. पायाच्या तळाशी वेल्डिंगच्या शिवणीत सुईच्या टोकाएवढे भोक होते. ते आम्हाला भिंगाशिवाय दिसले नाही.

पायाच्या तळापासून दोन इंचांवर ड्रिल लावले. पातळ पत्रा फुटला आणि राखाडी, आंबूस वासाचे पाणी बाहेर आले. धार अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ चालू होती. त्यात पनीरचे कण होते, मऊ पडलेले, बोटांत विरघळणारे. रोजच्या धुलाईचे पाणी बोल्टच्या फटीतून आत जात होते आणि पट्टा थरथरला की खालच्या भोकातून थेंब थेंब बाहेर पडत होते. मावशींना दिसणारी ओल तीच.

२००८ मध्ये कॅनडात कापलेल्या तयार मांसातून लिस्टेरियाची साथ आली आणि २० हून अधिक माणसे दगावली. तिथेही जिवाणू काप करणाऱ्या यंत्रांच्या खोल अंतर्भागात, रोजच्या सफाईला न पोहोचणाऱ्या जागी असल्याचे पुढे आले होते. हे प्रकरण प्रशिक्षणात मी कितीदा सांगितले असेल. आपल्या कन्व्हेयरच्या पायाशी ते जोडून पाहायला मात्र मावशींचे वाक्य लागले.

७ ऑगस्ट २०२४

आतील पाण्याचा नमुना मोनोसायटोजेनिसचा निघाला. कन्व्हेयरचा पाय पनीरला लागत नाही, पण पट्टा त्याच सांगाड्यावर फिरतो, म्हणून ३ ऑगस्टपर्यंतचा शीतगृहातील माल पुन्हा रोखला आहे.

नवा सांगाडा यायला वेळ लागेल. तोवर कापणी ट्रेवर हाताने होईल. जुना सांगाडा मोटर आणि सेन्सर काढून ताडपत्रीखाली घेतला, बॉयलरची कमी दाबाची वाफ सोडली आणि तापमापकाची तार पाइपच्या आत सरकवली. बाहेरचा काटा लवकर चढला, आतला मात्र बराच मागे राहिला. त्यामुळे वेळ आतल्या काट्यावरूनच मोजली. आत ७२ अंश झाल्यावर पुढे तीस मिनिटे वाफ चालू ठेवली. रसायनाला जाता येत नाही तिथे उष्णता धातूतूनच पोहोचते. त्यानंतर पाइप वाळवून छिद्रे वेल्डिंगने बुजवली आणि शिवण घासून गुळगुळीत केली.

२२ ऑगस्ट २०२४

रोखलेला माल तपासणीत निर्दोष निघाला आणि १४ तारखेला मोकळा केला. श्रावणामुळे पनीरची मागणी चढती आहे, आणि हाताने कापणीमुळे उत्पादन कमी. धुलाईचे चार तास अडीचवर आणावेत असा आग्रह आज झाला. मी लेखी नकार दिला. फेसाची पंधरा मिनिटे, घासण्याचा वेळ आणि शेवटी कोरडे होण्याचा एक तास, यांतले काहीही कापता येत नाही. विशेषतः शेवटचा तास सगळ्यांना रिकामा वाटतो, पण माझ्या मते चारही तासांत त्याचेच मोल सर्वाधिक आहे, कारण ओलीशिवाय लिस्टेरिया वाढत नाही. व्यवस्थापनाने चार तास कायम ठेवले आणि एक पाळी रविवारी वाढवली. हा निर्णय त्यांना सोपा नव्हता, म्हणून आभाराची नोंद इथे करते.

खचलेली फरशी उखडून उतार दुरुस्त केला. खडूच्या रेघेच्या जागी आता पाणी थांबत नाही.

५ सप्टेंबर २०२४

नवा सांगाडा बसला. पोकळ पाइपऐवजी उघड्या कोनपट्ट्या आहेत, बोल्टऐवजी सलग वेल्डिंग आहे, आणि प्रत्येक आडवी पट्टी पाणी ओघळून जाईल अशा कोनात फिरवली आहे. पट्टा अवजारांशिवाय निघतो. मावशींनी तो स्वतः काढून पाहिला आणि परत चढवला. सात मिनिटे लागली.

तिसऱ्या फेरीत ३० ठिकाणी एकही लिस्टेरिया नाही. नमुने पूर्वीप्रमाणेच चालू कामात, चौथ्या तासाला घेतले आहेत. ड्रेन ३ ची तपासणी बंद करण्याची मागणी फेटाळली. त्याचा नमुना दर आठवड्याला घेतला जाईल.

२० सप्टेंबर २०२४

परतीच्या पावसाने हवा दमट आहे आणि कापणी विभागाच्या छतावर दव धरत आहे. थंड पाण्याच्या टाकीवरील पाइपचे आवरण दोन जागी फाटले होते. तिथून थेंब थेट टाकीत पडत होते. आवरण आजच बदलले, टाकीतील पाणी सोडून दिले आणि त्या लाद्या बाजूला काढल्या.

शीतगृहातील पंख्यांखालच्या ठिबकपात्रांकडे आजवर कुणी पाहिलेले नव्हते. एका पात्राच्या कोपऱ्यात बोट फिरवले तेव्हा हातमोज्यावर बुळबुळीत, गुलाबीसर थर आला. दोन्ही पात्रे यादीत ३१ आणि ३२ क्रमांकांनी घातली, नमुने घेऊन संध्याकाळच्या गाडीने पुण्याला पाठवले आणि अहवाल येईपर्यंत त्या पंख्यांखालची मांडणी रिकामी ठेवली आहे.